प्रत्येकाला दोन तास

डायलिसिस सेंटरमध्ये तिला नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं. ऐंशी वर्षांचे आजोबा असोत की गेल्याच महिन्यात लागलेली सिस्टर, सगळ्यांच्या तोंडी एकच, वहिनी. डॉक्टर तिच्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे होते, पण तेही वहिनीच म्हणत.

याला कारण होतं. सतरा वर्षांपूर्वी ती या सेंटरच्या पायऱ्या पहिल्यांदा चढली ती नवऱ्याचा हात धरून. त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास तो मशीनला जोडलेला असे आणि ती शेजारच्या स्टुलावर. बाकीच्यांचे नातेवाईक बाहेर जाऊन गप्पा छाटत, नाहीतर बाकावर डुलक्या काढत. हिचं सगळं लक्ष मशीनवर. रक्त कुठल्या नळीतून निघतं, कुठे गाळलं जातं, कुठून परत येतं, कुठला दिवा लागला की टेक्निशियन धावतो आणि कुठला लागला तरी तो चहा संपवूनच उठतो, हे तिने नुसतं बघून बघून पाठ केलं. दोन वर्षांत अशी वेळ आली की अलार्म वाजला की टेक्निशियन उठायच्या आत ही सांगे, "नळी यांच्या कोपराखाली दाबली गेलीय." शेजारच्या पलंगांवरचे पेशंट नवऱ्याचे दोस्त झाले आणि ती सगळ्यांची वहिनी झाली.

मग एकदा पाणी शुद्ध करणारा प्लांट बिघडला. डायलिसिसला पाणी लागतं, आणि ते साधं चालत नाही. सुटा भाग दुसऱ्या शहरातून यायचा होता, त्याला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी नवरा गेला. शेवटचे दोन दिवस त्याला आडवं पडता येत नव्हतं, छातीत पाणी भरलेलं. बसल्या बसल्याच गेला.

पंधरा दिवसांनी ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "मला इथे काम द्या."

"तुम्हाला काय येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळं येतं. फक्त सुई टोचलेली नाही कुणाला."

डॉक्टर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. आधी झाडणं-पुसणं, मग नळ्या लावणं, मग रात्रंदिवस अभ्यास करून रीतसर परीक्षा. आता ती पन्नाशीला आली होती आणि सेंटरची मुख्य टेक्निशियन होती. घरी मूलबाळ नव्हतं, होती ती सासू. दोघी एकमेकींवर खेकसत, आणि एकीशिवाय दुसरी जेवत नसे.

पेशंट तिला वचकून असत. डायलिसिसवरच्या माणसाने दिवसाला किती पाणी प्यायचं ते ठरलेलं असतं. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं आणि वजनकाट्यावर लगेच पकडलं जातं. काट्यावर चढण्याआधी कुणी मोबाइल खिशातून काढे, कुणी चपला. निवृत्त बस कंडक्टर होते, त्यांनी एकदा कवळी काढून हातात धरली. वहिनी म्हणाली, "भाऊजी, कवळी काढली म्हणून पाणी उतरत नाही. आणि ती हातात धरलीत तरी काट्यावरच आहे." सगळा वॉर्ड हसला, सगळ्यात मोठ्याने कंडक्टर, बिनदातांचे.

गुरुवारी पहाटे वादळ किनाऱ्याला लागलं.

चार दिवसांपासून त्याचाच गाजावाजा होता. शाळांना सुट्टी, दुकानांना फळ्या, मेणबत्त्या संपलेल्या. आणि प्रत्यक्षात आलं ते अगदीच लेचंपेचं. आठदहा पत्रे उडाले, बाजारातला जाहिरातीचा एक फलक वाकला, एवढंच. टीव्हीवरचा माणूस सांगत होता, वादळ कमकुवत झालंय, वाऱ्याचा धोका टळलाय. त्याच्यामागून तो असंही म्हणाला की ते पुढे सरकत नाहीये, वरच्या डोंगरांवर घुटमळतंय आणि तिकडे पाऊस कोसळतोय. पण तोवर लोक टीव्हीसमोरून उठले होते.

"एवढंसं वादळ," सासू म्हणाली, "आणि चार दिवस जीव खाल्ला मेल्याने."

सातच्या सुमारास वहिनी कामाला निघाली. सेंटर नदीकाठच्या रस्त्यावर, तळमजल्यावर होतं. रस्त्यापासून चार पायऱ्या चढून आत, समोर लांब खोलीत सहा पलंग आणि सहा मशीन, मागे पाण्याचा प्लांट आणि अंगणात जनरेटर. वरच्या मजल्यावर शिकवणीचा मोठा वर्ग होता, तो सुट्टीमुळे बंद. नदी काठाच्या आतच होती. पुलावर माणसं फोटो काढत होती. वहिनी मात्र कठड्याशी थांबली. पाण्याचा रंग कालचा नव्हता. तांबडं, दाट पाणी, आणि मुळासकट उपटलेली झाडं गरगर फिरत खाली चालली होती. इथे तर रात्रभर नुसती भुरभुर होती. मग हे आलं कुठून?

पावणेआठला तिने पहिली पाळी लावली. सहापैकी पाच जण आले होते. सहावे कंडक्टर. ते तीस वर्षं नोकरीत कधी उशिरा पोचले नव्हते, असं तेच सांगत. सव्वाआठला ते आले, कमरेपर्यंत भिजलेले, मुलाच्या खांद्यावर हात टाकून.

"वहिनी, आमच्या गावातला पूल गेला पाण्याखाली," ते म्हणाले. "सहाला निघालो तर पुलावर मांडीइतकं पाणी. मागे फिरलो, डोंगराकडून वळसा घालून आलो."

"बसा आधी. दम घ्या."

"दम नंतर. ऐका." ते काट्यावर चढले, खिसे न रिकामे करता. "त्या रस्त्यावर तीस वर्षं तिकिटं फाडलीत मी. आमच्या पुलावरून पाणी गेलं की ते इथे बाजारात यायला आठ तास लागतात. तीनदा पाहिलंय. तिन्ही वेळा आठ."

सहा आणि आठ, दोन. दुपारची पाळी एकला सुरू होऊन पाचला संपायची. म्हणजे दोनला सहा माणसं मशीनला जोडलेली असणार, प्रत्येकाच्या हातात दोन सुया, प्रत्येकाचं पाव लिटर रक्त अंगाबाहेर नळ्यांमध्ये.

दुपारची पाळी रद्द करणं सोपं होतं. पण रद्द करून ती माणसं जाणार कुठे? पाणी आत शिरलं तर प्लांट संपला, सेंटर आठवडाभर तरी बंद. ते सहाही जण आठवड्यातून दोनदाच येणारे, शेवटचं डायलिसिस सोमवारी झालेलं. चार दिवस म्हणजे काय असतं हे या इमारतीत तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

नऊला मॅनेजर आले. सेंटर चालवणाऱ्या संस्थेचे हिशेबनीस आणि मॅनेजर एकच, शिस्तीचा माणूस. वहिनीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "दुपारच्या सगळ्यांना आत्ता बोलावते. सकाळच्यांना दोन तासांनी काढते, दुपारच्यांना दोन तास. एकच्या आत सगळे मोकळे."

"वहिनी, वादळ कमकुवत आहे. सरकारी सूचना आहे."

"वाऱ्याची सूचना आहे ती. नदीची नाही."

"दोन वर्षांपूर्वीही तुम्ही असंच सेंटर रिकामं केलं होतं. पाणी रस्त्यावरसुद्धा आलं नाही. संस्थेचं ते ठपक्याचं पत्र अजून माझ्या फायलीत आहे."

ते खरं होतं. तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. आजही पाणी आलं नाही तर? अर्धवट डायलिसिस झालेली बारा माणसं आणि फायलीत दुसरं पत्र. तिने खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांना लावला. डॉक्टर तीस मैलांवरच्या मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात होते. आवाज तुटत तुटत येत होता. तिने मोजक्या शब्दांत सांगितलं.

 

"प्रत्येकाला दोन तास," डॉक्टर म्हणाले. "आणि पोटॅशियम उतरवायची पावडर प्रत्येकाच्या हातात द्या. उद्याच्या बॅचला फोन करा, सगळ्यांना आजच इकडे पाठवा. रस्ता चालू आहे तोवर. मॅनेजरांना फोन द्या."

मॅनेजरांनी फोन कानाला लावला, दोनदा "हो डॉक्टर" म्हणाले आणि फोन परत दिला. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "काय उचलायचंय सांगा," ते म्हणाले. त्या माणसाचं हे वहिनी पुढे कधी विसरली नाही.

सिस्टरने दुपारच्या सहा जणांना फोन लावले. पाच जण मिळाले. सहाव्या टेलरबाई, त्यांचा फोन बंद. वहिनीने शुक्रवारची यादी घेतली. बारा नावं. "उद्या इथे येऊ नका, आत्ता निघा, डॉक्टरांकडे जा, सोय झालीय." काहींना दोनदा सांगावं लागलं, एका आजीबाईंना चारदा. अकरा जण निघाले.

बाराव्याला सगळे हीरो म्हणत. ट्रक चालवायचा, अडतीस वर्षांचा, केसांना तेल लावून भांग पाडून डायलिसिसला येणारा. "वहिनी, टीव्हीवर सांगितलं ना, वादळात दम नाही म्हणून," तो हसत म्हणाला. "मंगळवारी झालंय की माझं. एकदम फर्स्ट क्लास आहे. गाडीचं थोडं काम काढलंय, उद्या सकाळी निघतो."

"उद्या रस्ता नसेल."

"मी ड्रायव्हर आहे वहिनी. मला रस्ता नाही असं होत नाही."

"आत्ता निघ म्हणते ना!"

"बरं बरं, निघतो." आणि फोन ठेवला. तो निघणार नाही, हे तिला आवाजावरून कळलं. तिला परत फोन करायचा होता. तेवढ्यात तीन नंबरच्या मशीनचा अलार्म वाजला, एका पेशंटचं ब्लडप्रेशर एकदम खाली आलं होतं. ती धावली, त्याचे पाय वर घेतले, सलाइन सोडलं, पंधरा मिनिटं त्याच्यापाशीच गेली. नंतर यादी तिच्या खिशातच राहिली.

दहाला तिने पहिली पाळी उतरवायला घेतली. "अर्ध्या ताटावरून उठवताय," एक आजोबा कुरकुरले.

"उरलेलं घरी जाऊन भरून काढू नका म्हणजे झालं. रविवारपर्यंत दिवसाला दोन कप, तिसरा नाही. फळं नाहीत. ही पावडर तीनदा."

मशीन मोकळं झालं की आतून गरम पाण्याने धुऊन निर्जंतुक करावं लागतं, त्याला पस्तीस मिनिटं जातात. मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाले, "आज एवढं सोडलं तर?"

"एकाचा आजार दुसऱ्याला लावून त्याला पुरातून वाचवू?" वहिनी म्हणाली. "पस्तीस मिनिटं जाऊ द्या."

ती पस्तीस मिनिटं जाता जाईनात. रस्त्यावर अजूनही कोरडं होतं, वर ढगांतून थोडं ऊनसुद्धा पडलं होतं, आणि त्या उन्हाने तिला जास्तच धडकी भरली. पावणेअकराला दुसरी पाळी लागली. पाच माणसं, पाच मशीन. सहावं मशीन टेलरबाईंसाठी तयार ठेवलेलं. मधेच घरून फोन आला.

"सूनबाई, मी वर गेले," सासू म्हणाली. "म्हणजे वरच्या मजल्यावर, शेजारणीकडे. देवाकडे नाही. नदीकडच्या गल्लीत पाणी आलंय म्हणतात."

"औषधं घेतलीत?"

"औषधं घेतली, चष्मा घेतला, तुझा नवरा घेतला." म्हणजे भिंतीवरचा फोटो. "तू कधी येतेस?"

"येते."

"खोटं बोलू नकोस. तुझं आटोप सावकाश." आणि फोन बंद झाला.

टेलरबाई बाराला पाच मिनिटं कमी असताना आल्या, एकच्या नेहमीच्या वेळेला म्हणून जरा लवकर निघालेल्या. फोन चार्ज करायचा राहिला होता. रिक्षातून उतरून चार पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या. साठीच्या, ठेंगण्या, एरवी मशीनवर पडल्या पडल्या बटणं शिवत असत. आज त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. पाय सुजून चपलांच्या बाहेर आलेले. सिस्टरने बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. "अठ्ठ्याऐंशी," ती हळूच म्हणाली. छातीला स्टेथोस्कोप लावला तर खालपासून मध्यापर्यंत पाणी.

"किती प्यालात?" वहिनीने विचारलं.

"घाबरले होते हो... वादळाला... चहा होत राहिला..."

वहिनी रागावली नाही. त्यांना काट्यावरसुद्धा चढवलं नाही, सरळ पलंगावर बसवलं, सुया घातल्या आणि बाराला पाच मिनिटांनी सहावं मशीन सुरू केलं. पाणी ओढायचा वेग जितका वर नेता येईल तितका नेला.

तोवर वरच्या मजल्याचं काम सुरू झालं होतं. एकेक मशीन म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन. खाली चाकं आहेत, पण चाकं जिन्यावर कुठली फिरायला! सकाळच्या पेशंटचे नातेवाईक घरी गेलेच नव्हते. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाची चांगली ताकदवान बहीण. कंडक्टर स्वतः बाकावर बसून जिन्यातल्या लोकांना सूचना देत होते, "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये थांबू नका," अगदी बसमधल्या आवाजात. आधी औषधांची खोकी, फिल्टर, सलाइन वर गेलं. पावणेएकला दुसरी पाळी सुटली. पाच पेशंट टेकडीवरच्या शाळेकडे निघाले आणि त्यांची पाच मशीनही जिन्याला लागली, या वेळी धुवायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती.

गटारांतून पाणी वर आलं ते एकला दहा मिनिटं कमी असताना. नदीकडून नाही, रस्त्याच्या झाकणांतून, बुडबुडत. प्लांट सांभाळणारे मामा दारात उभे होते. हे मामा म्हणजे सेंटरइतकेच जुने, बोलायला महाग. ते म्हणाले, "वहिनी, आलं."

कंडक्टरांचा हिशेब तासाभराने चुकला होता.

"मामा, पायऱ्या मोजा," वहिनी म्हणाली. "चौथीला लागलं की मला सांगा आणि मेन स्विच खाली ओढा. ओल्या फरशीवर वीज नको."

खोलीत आता चौघं होती. टेलरबाई, वहिनी, सिस्टर आणि दारात मामा. मॅनेजर आणि कंडक्टरांचा मुलगा बाकीच्यांबरोबर जिन्यातून मशीन वर चढवत होते. टेलरबाईंना पाऊण तास झाला होता. ऑक्सिजन नव्वदवर. आणखी निदान अर्धा तास तरी हवा होता.

"पहिली गेली," मामा म्हणाले.

तेवढ्यात दिवे गेले. वीज कंपनीने सगळ्या काठाचीच लाइन तोडली असावी. मशीन किंचाळलं. मागे जनरेटर खोकला, पुन्हा खोकला, आणि सुरू झाला. दिवे आले. सिस्टरने डोळे मिटून घेतले होते ते उघडले.

"तू वर जा," वहिनी तिला म्हणाली. "घरी लहान मूल आहे तुझं."

"तुम्ही जाल तेव्हा जाईन," सिस्टर म्हणाली, आणि ब्लडप्रेशरचा पट्टा पुन्हा गुंडाळू लागली.

"दुसरी."

टेलरबाई दाराकडे बघत होत्या. "वहिनी, काढा मला... तुमचा जीव नका घालवू माझ्यापायी..."

"गप्प पडा. मागच्या महिन्यात माझा ब्लाउज घट्ट शिवलात, तो सैल कोण करणार?" टेलरबाईंना हसू आलं आणि हसताना खोकला आला, पण खोकला मघापेक्षा मोकळा होता. एक्याण्णव. वहिनीची नजर एकदा पडद्यावर, एकदा दाराकडे. सव्वा तास झाला. सुया आता काढल्या तर घाईत पण नीट निघतील. दहा मिनिटं थांबलं तर आणखी पेलाभर पाणी निघेल, आणि त्या पेल्यावरच बाईंची रात्र निघणार होती. नवऱ्याच्या वेळी हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. आज होतं. तिने मशीन चालूच ठेवलं.

"तिसरी," मामा म्हणाले, आणि मागे जनरेटर एकदम बंद पडला. अंगणातला त्याचा कट्टा पायऱ्यांपेक्षा खाली होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मशीनला बॅटरी होती. पंधरा मिनिटं चालायला हवी. दोन मिनिटांत पडदा काळा झाला आणि पंप थांबला. नळ्यांमधलं लालभडक रक्त जागच्या जागी उभं राहिलं. असं थांबलेलं रक्त गोठायला वेळ लावत नाही.

"मामा, मेन ओढा! सिस्टर, टॉर्च धर."

मशीनच्या पाठीला एक दांडा लावलेला असतो, विहिरीच्या रहाटासारखा लहानसा. इतक्या वर्षांत तिने तो फक्त शिकवताना वापरला होता. तिने तो पंपाला बसवला, एक नळी सोडवून सलाइनच्या पिशवीला जोडली आणि हाताने फिरवून नळ्यांतलं रक्त बाईंच्या अंगात परत ढकलायला लागली. घाई करून चालत नाही. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला आणि शरीरात गेला तर सगळं केलं-सवरलं मातीत. एरवी बुडबुडा मशीन पकडतं, आता पकडायचा होता तो सिस्टरने, टॉर्चच्या उजेडात, नळीवरून डोळे न हलवता. वहिनी फिरवत राहिली. रक्त हळूहळू सरकलं, गडदचं फिकट झालं, मग गुलाबी.

"चौथी," मामा म्हणाले. आणि लगेच, "आत आलं वहिनी."

थंड पाणी तिच्या घोट्यांना लागलं. ती थांबली नाही. गुलाबीचं पाण्यासारखं झालं तेव्हाच तिने चिमटे लावले, सुया काढल्या आणि टेलरबाईंचाच अंगठा कापसावर दाबून धरला. "दाबून ठेवा. सोडायचा नाही."

टेलरबाईंना चालवणं शक्य नव्हतं. मामांनी आणि मॅनेजरांनी त्यांना लाकडी खुर्चीसकट उचललं. खोलीतून जिन्यापर्यंत वीस पावलं होती, शेवटच्या पावलाला पाणी गुडघ्याला लागलं. वर शिकवणीच्या वर्गात बाकं एकत्र लावून त्यांना टेकवून बसवलं. सिस्टरने बोटाला यंत्र लावलं. त्र्याण्णव. कंडक्टर कधीच शाळेकडे गेले असायला हवे होते, पण ते तिथेच कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "आठ नाही, सात तास. या वेळी सात लागले."

खाली सहावं मशीन पाण्यात गेलं. संध्याकाळी लष्कराची होडी आली तेव्हा पाणी पलंगांच्या वर होतं. वाऱ्याने या सगळ्या दिवसात कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

रविवारी रस्ता थोडा मोकळा झाला. गुरुवारचे बाराही जण डॉक्टरांच्या शहरात पोचले, टेलरबाई धरून. शुक्रवारचे अकरा आधीच तिथे होते. हीरो नव्हता.

तो शुक्रवारी सकाळी निघाला होता. दोन्हीकडचे रस्ते तुटले होते. घरी परतला, आणि तीन दिवस अडकला. त्याच्या बायकोला बोट मिळाली ती रविवारी दुपारी, आणि बोटीत तो वाटेतच गेला.

वहिनी दहाव्या दिवशी त्याच्या घरी गेली. भिंतींवर पाण्याची रेघ कंबरेएवढी होती, गाद्या उन्हात टाकलेल्या. बायको दारातच भांडी घासत होती. वहिनीला ओळखून तिने हात धुतले आणि पोत्यावर जागा केली.

"तुम्ही फोन केला होता म्हणे यांना," ती म्हणाली. "सिस्टर म्हणाली."

"केला होता."

"मला बोलले नाहीत. फोन आला तेव्हा मी इथेच होते, हे हसत होते, म्हटलं कुणाचा तर म्हणाले सेंटरचा." तिने ओले हात पदराला पुसले. "मला सांगितलं असतं तर मी ढकलत नेलं असतं."

वहिनीला ते ठाऊक होतं. बाकीच्या अकरांपैकी निम्म्यांना असंच कुणीतरी ढकलत नेलं होतं. ती ठरवून आली होती ते समजुतीचं बोलणं तिने बाजूला ठेवलं. "मी परत फोन करायला हवा होता," ती म्हणाली. "तुला करायला हवा होता. तो ऐकणार नाही हे मला कळलं होतं. एकजण बेशुद्ध पडत होता, मी तिकडे धावले, आणि मग राहिलंच."

बायकोने माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही. मग म्हणाली, "तो वाचला का? पडत होता तो."

"वाचला."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. वहिनी तिच्या शेजारी बसली, चिखलाने माखलेलं एक पातेलं ओढून घेतलं आणि घासायला लागली. दोघी अंधार पडेपर्यंत घासत होत्या.

सेंटर चोविसाव्या दिवशी वरच्या मजल्यावर सुरू झालं, पाच मशीनवर, तीन पाळ्यांत. शिकवणीवाल्यांनी वर्ग सोडून दिला. संस्थेचं पत्र आलं, कौतुकाचं, मॅनेजरांनी ते काचेत लावायला काढलं तर वहिनीने लावू दिलं नाही. तिने आणखी एक गोष्ट केली. पेशंटच्या यादीत प्रत्येक नावापुढे दुसरा एक फोन नंबर लिहून घेतला. बायकोचा, सुनेचा, शेजाऱ्याचा, कुणाचाही, पण ढकलत नेऊ शकेल अशा माणसाचा. काही पेशंट कां-कूं करत होते. टेलरबाईंनी विचारलं, "माझं तर कुणीच नाही हो, कुणाचा देऊ?"

"माझा लिहा," वहिनी म्हणाली, आणि त्यांना काट्यावर चढायला हात दिला.